आजारपण एक, न्याय तीन

पत्र थोडक्यात असं:

"आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या. तीन वर्षांपासून आमच्याकडेच आहेत. मागच्या महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळतं. आता घरी आणलंय. उपचारांचा खर्च विम्यातून भागतोय. अडचण आहे ती त्यांच्याजवळ कोण राहणार याची. माझी कंपनी मोठी आहे, पण सासूसाठी कायद्याने रजा मिळत नाही, असं एचआरने सांगितलं. नवऱ्याची कंपनी बावीस माणसांची, तिला तो कायदाच लागू नाही. मालकांनी त्याला दोन आठवडे बिनपगारी रजा दिली, ती संपत आली. नणंद न्यू जर्सीत असते. तिला बारा आठवडे रजा मिळू शकते, वर पगाराचा मोठा भागही. ती म्हणते, आईला माझ्याकडे पाठवा. नवऱ्याला ते पटत नाही. मुलगा असताना आईने लेकीकडे का जायचं, आणि सरकारी पैशांवर आईचं करायचं म्हणजे हात पसरल्यासारखं, असं त्याचं म्हणणं. माझे सासरे पिंपरीला कारखान्यात होते. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात रांगा लावल्या, पण कधी कुणाकडे काही मागितलं नाही, हे तो दर वेळी ऐकवतो. पुण्याचे मोठे दीर म्हणतात, हिचा पगार कमी, हिनेच नोकरी सोडावी. पण आमच्या घराचा आरोग्य विमा माझ्याच नोकरीतून आहे. परवा सासूबाईंसाठी येणारी मदतनीस अंगात ताप असताना आली. खाडा झाला तर पैसे मिळत नाहीत, म्हणाली. मी तिला परत पाठवलं आणि आत जाऊन रडले. काय करावं? आणि रजेचा विषय काढताना मला इतकं ओशाळल्यासारखं का होतं?
– एक सून"

तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत. नवऱ्याचं आहे, नणंदेचं आहे, पुण्याहून दिरांचंही आलं आहे. फक्त सासूबाईंचं मत कुठे सापडलं नाही. त्यांचं बोलणं अडखळतंय, पण त्यांना समजत असेल तर विचारायला काहीच हरकत नाही. शांतपणे, एका वेळी एकच प्रश्न, मानेने हो-नाही सांगता येईल असा. "काही दिवस लेकीकडे जायचं का?" हा प्रश्न आज संध्याकाळीच विचारा, आणि तो तुमच्या यजमानांनी विचारावा. उत्तर हो आलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली, तर त्यांना न्यू जर्सीला जाऊ द्या. तुम्ही मात्र नोकरी सोडू नका. ही माझी दोन उत्तरं. आता कारणं सांगते, कारण कारणं कळल्याशिवाय तुमचं ओशाळलेपण जायचं नाही.

एकाच आजारी बाईची तीन माणसं, आणि तिघांना तीन वेगळे न्याय मिळाले. यात तुमच्यापैकी कुणाचीच चूक नाही. एचआरने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. ज्याला सगळे एफएमएलए म्हणतात तो कुटुंबासाठीच्या आणि आजारपणाच्या रजेचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा १९९३ साली आला. त्याआधी थोरल्या बुश यांनी तो दोनदा नाकारला होता. शेवटी क्लिंटन यांनी सही केली. त्यात वर्षाला बारा आठवडे रजा मिळते, त्या काळात नोकरी आणि आरोग्य विमा शाबूत राहतो, पण पगार मिळत नाही. आणि रजा कुणासाठी, तर स्वतःच्या गंभीर आजारासाठी, नव्या बाळासाठी, किंवा नवरा-बायको, मूल आणि आईवडील यांच्यासाठी. सासू-सासरे त्या यादीत नाहीत. शिवाय कंपनीची ७५ मैलांच्या आत किमान ५० माणसं हवीत, तुमचं तिथे एक वर्ष झालेलं हवं आणि त्या वर्षात १,२५० तास काम भरलेलं हवं. तुमच्या यजमानांची कंपनी बावीस माणसांची, म्हणून सख्खी आई असूनही ते बाहेर. तुमची कंपनी मोठी, पण नातं यादीत नाही, म्हणून तुम्ही बाहेर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या घरांमधून सासूचं करायचं कुणी, तर सुनेने, हे गृहीत धरलेलं असतं. कायद्याने मात्र ती जबाबदारी मुलाची धरली. कायदा अपुरा आहे, पण या एका बाबतीत त्याने योग्य माणसाकडे बोट दाखवलं आहे. तुमच्या दिरांनी "हिनेच सोडावी" म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं की आई त्यांची आणि त्यांच्या भावाची आहे. तुम्ही प्रेमाने करता, ते करतच राहाल, पण त्यासाठी आपली नोकरी होमात टाकण्याचं कारण नाही.

आणि नोकरी सोडण्याचा हिशेबही साधा नाही. तुमचा पगार कमी आहे म्हणून तो बुडला तर नुकसान कमी, असं वरवर दिसतं. पण घराचा विमा तुमच्या नावावर आहे. राजीनामा दिलात तर कोब्रा नावाच्या तरतुदीखाली बहुधा अठरा महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण मग आजवर कंपनी भरत होती तो हिस्साही तुम्हालाच भरावा लागतो, वर दोन टक्के जास्त. घरात एक मिळकत कमी झालेली असताना विम्याचा हप्ता मात्र वाढलेला. त्यात मधली वर्षं रिकामी गेली की पुढची नोकरी कमी पगारावर धरावी लागते. बायकांच्या पगारात पडलेली तूट अशीच साचत जाते: पगार कमी म्हणून तिने सोडायची, आणि तिने सोडली म्हणून पगार कमी. पगारी रजेचा आग्रह धरणाऱ्यांचा हा एक मोठा मुद्दा आहे, आणि तुमच्या घरात तो अगदी उघड दिसतो.

आता तुमच्या नणंदबाईंकडे वळते.

त्यांना मिळणारे पैसे म्हणजे मदत किंवा देणगी आहे, हा समज तुमच्या यजमानांनी आधी काढून टाकायला हवा. न्यू जर्सीत २००८ साली कौटुंबिक रजेच्या विम्याचा कायदा झाला आणि २००९ च्या जुलैपासून पैसे मिळू लागले. हा निधी संपूर्णपणे कामगारांच्या पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालतो. मालकाचा त्यात छदाम नसतो. म्हणजे ही एका अर्थी राज्यभरची भिशी आहे: सगळे दरमहा थोडं टाकतात, आणि ज्याच्या घरी वेळ येते त्याला उचल मिळते. २०२५ साली ही वर्गणी पगाराच्या ०.३३ टक्के होती. आठवड्याला १,२०० डॉलर मिळवणाऱ्या माणसाचे वर्षाला साधारण २०६ डॉलर जातात. रजा घेतली की सरासरी पगाराच्या ८५ टक्के रक्कम मिळते, २०२५ साली आठवड्याला जास्तीत जास्त १,०८१ डॉलर. १,२०० च्या पगारावर ती होते १,०२० डॉलर. बारा आठवड्यांचे १२,२४० डॉलर. दर आणि कमाल रक्कम दर वर्षी बदलते, पण प्रमाण लक्षात यावं म्हणून हे आकडे दिले. नणंदबाई इतकी वर्षं हे पैसे भरत आल्या आहेत, तेही बहुधा दुसऱ्यांच्या आजारपणांसाठी. या खेपेला त्यांची वेळ आली. यात हात पसरणं कुठून आलं?

तुमचे सासरे ईएसआयच्या दवाखान्यात रांग लावत होते, असं तुम्ही लिहिलंत. ते औषध त्यांना कुणी उपकार म्हणून देत नव्हतं. ईएसआयचा कायदा १९४८ चा. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी कापायची, मालकाने आपला मोठा हिस्सा घालायचा, आणि कामगार आजारी पडला की त्याला औषधोपचारही द्यायचे आणि बुडालेल्या मजुरीचा भागही. आजच्या नियमाप्रमाणे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे ज्या वडिलांच्या स्वाभिमानाचा दाखला तुमचे यजमान देतात, ते वडील याच कल्पनेच्या आधाराने उभे होते. त्यांनी कुणाकडे मागितलं नाही, कारण त्यांना मागावं लागू नये अशी व्यवस्था आधीच्या पिढीने करून ठेवली होती. हे यजमानांना दुखावण्यासाठी ऐकवू नका. वडिलांचं खरं मोठेपण कमी होत नाही यात; उलट आईने लेकीच्या विम्याचा लाभ घेणं हे वडिलांच्याच वाटेवर चालणं आहे, असं सांगा.

खर्च कुणी उचलायचा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्यामुळे या खर्चाचा मोठा भाग सरकारने सोसला पाहिजे, हे त्यांनी मान्य केलं. तरीही बाईला कामावर ठेवून फायदा घेणाऱ्या मालकाने भत्त्याचा भार उचलावा, हेही त्यांना मंजूर होतं. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मराठी कामगारांच्या वस्तीतून आलेला हा विचार आहे: बाळंतपण बाईचं असलं तरी त्याचा भार तिच्या एकटीच्या मजुरीवर टाकू नये. आजारी आईच्या बाबतीत वेगळा नियम का असावा, याचं पटणारं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

भारतात सगळं आलबेल आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिथे बाळंतपणाची पगारी रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, पण बहुसंख्य बायका ज्या असंघटित कामांत आहेत तिथवर ती पोचत नाही, आणि खासगी नोकरीत आईवडिलांच्या आजारपणासाठी अशी रजा कायद्याने नाहीच. पुण्यात राहून सल्ला देणाऱ्या दिरांनाही उद्या हाच प्रश्न पडू शकतो.

अमेरिकेत हा विचार आला तो अर्धामुर्धा. ऱ्होड आयलंडने १९४२ साली कामगाराच्या स्वतःच्या आजारपणासाठी विमा सुरू केला. मागोमाग कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क यांनी त्याच दशकात. कामगाराचं शरीर कधीतरी थकतं, हे तेव्हा मान्य झालं. पण कामगाराच्या घरीही कुणी आजारी पडतं, हे मान्य व्हायला आणखी साठ वर्षं लागली. २००२ साली कॅलिफोर्नियाने कुटुंबाच्या रजेचा पहिला कायदा केला. आज डझनभर राज्यांनी असे कायदे केले आहेत. देशपातळीवर मात्र अजून काही नाही. २०१३ पासून संसदेत विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातं. २०२१ मध्ये चार आठवड्यांची तरतूद प्रतिनिधीगृहात मंजूरही झाली आणि सिनेटमध्ये अडकली. श्रीमंत देशांच्या रांगेत बाळंतपणाचीही देशव्यापी पगारी रजा नसलेला हा एकटा देश आहे. टेक्सासमध्येही राज्याचा असा काही कायदा नाही.

म्हणून बिनपगारी रजेचा हक्क कागदावर चांगला दिसला तरी तो खरा कुणाच्या उपयोगाचा, हे विचारावं लागतं. केंद्रीय श्रम खात्याने २०१८ मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत दिसलं की देशातले जेमतेम ५६ टक्के कामगार एफएमएलएच्या अटींत बसतात. आणि गरज असूनही ज्यांनी रजा घेतली नाही, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी कारण दिलं की पगाराशिवाय राहणं परवडत नाही. बारा आठवडे पगार बुडवता येतो तो ज्याच्याकडे बारा आठवड्यांची पुंजी आहे त्यालाच. बाकीच्यांच्या हातात हक्काचा कागद राहतो, आणि आजारी माणूस घरी एकटं.

मालकमंडळींचा विरोध मी हलका लेखत नाही. बावीस माणसांच्या कंपनीतून एक जण तीन महिने गेला तर त्याचं काम उरलेल्या एकवीस जणांवर येतं, आणि त्यांतल्या कुणाच्या घरीही काही चाललेलं असू शकतं. ही ओढाताण खरी आहे. पण पगार निधीतून मिळत असेल, तर मालकाचा त्या माणसाचा पगार वाचतो आणि त्यात बदली माणूस ठेवता येतो. बड्या कंपन्या आपल्या तिजोरीतून पगारी रजा देऊ शकतात. छोट्या मालकाला ते जमत नाही, म्हणून चांगली माणसं त्याला सोडून जातात. सार्वजनिक निधी खरं तर त्याच्याच फायद्याचा आहे. कॅलिफोर्नियात कायदा येताना धंदे बुडतील अशी ओरड झाली होती. काही वर्षांनी आयलीन ॲपलबॉम आणि रूथ मिल्कमन या अभ्यासकांनी तिथल्या मालकांनाच विचारलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दहातल्या जवळपास नऊ मालकांनी उत्पादकतेवर आणि नफ्यावर चांगला परिणाम झाला किंवा काहीच फरक पडला नाही, असं सांगितलं होतं. लोक खोटं आजारपण दाखवून घरी बसतील, ही भीतीही तितकीच पोकळ. डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय या विम्यातून आजारपणाच्या रजेचा एक डॉलरही सुटत नाही.

तुमच्या पत्रातली जी ओळ मला सोडवत नाही, ती मदतनीस बाईंची. पक्षाघातातून सावरणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईजवळ जी बाई दिवसभर बसणार, तिला उचलणार, भरवणार, ती ताप घेऊन आली. तिला कळत नव्हतं असं नाही. घरी राहिलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि दोनदा असं झालं तर काम राहील की नाही याची खात्री नाही. तुम्ही तिला परत पाठवलंत ते बरोबरच केलंत. आता तिच्या त्या दिवसाचे पैसे तिला देऊन टाका, आणि बरी होईपर्यंतच्या दिवसांचेही, जमतील तितके. ती एजन्सीतर्फे येत असेल तर "ताप घेऊन आली" अशी तक्रार करू नका. त्याची शिक्षा तिलाच होईल. एजन्सीला इतकंच विचारा की त्यांच्या बायकांना आजारपणाची पगारी रजा आहे का, आणि नसेल तर आम्ही ग्राहक म्हणून ती मागतो आहोत.

आपल्या घरातल्या आजारी माणसाची तब्येत अशा किती अनोळखी माणसांच्या रजेवर अवलंबून असते, याचा आपण विचार करत नाही. नर्सिंग होममधल्या आया, डे-केअरमधल्या बाया, पोळ्या करून देणाऱ्या मावशी, औषधाच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा. न्यू जर्सीत २०१८ पासून बहुतेक कामगारांना दर ३० तासांच्या कामामागे एक तास आजारपणाची पगारी रजा साठवता येते, वर्षाला ४० तासांपर्यंत. ताप उतरेपर्यंत घरी राहायला तेवढे दिवस पुरतात. टेक्सासमध्ये तसा नियम नाही. मार्च २०२३ मधल्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या खासगी नोकरदारांपैकी फक्त २७ टक्के लोकांना कुटुंबासाठी पगारी रजा मिळते, आणि ते प्रामुख्याने जास्त पगाराच्या नोकऱ्यांतले. ज्यांच्या हातांवर आजारी माणसं विसंबून असतात, ते हात त्या २७ टक्क्यांत फारसे नसतात.

म्हणून तुम्हाला ओशाळल्यासारखं वाटतं ना, त्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधू नका. टेक्सासमध्ये जी गोष्ट तुम्हाला मॅनेजरच्या मर्जीवर मागावी लागते, तीच दुसऱ्या एखाद्या राज्यात अर्ज भरून मिळते. मर्जीवर मागायची वेळ आली की कुणाचाही आवाज बारीक होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर न्यू जर्सीच्या विम्यात सासू-सासरेही आले, भाऊ-बहीण, आजी-आजोबाही आले. तुम्ही तिथे नोकरीत असतात तर सासूबाईंसाठी तुम्हालाही पगारी रजा मिळाली असती, आणि हेच पत्र तुम्ही मला लिहिलं नसतं.

मर्जीवर का होईना, मागायचं मात्र सोडू नका. कायदा "द्यावीच लागेल" असं म्हणत नाही, इतकाच एचआरच्या उत्तराचा अर्थ. "देऊ नका" असंही कायदा म्हणत नाही. कंपनीचं नियमांचं पुस्तक काढा आणि कुटुंबाची व्याख्या तिथे काय दिली आहे ते पाहा. पुष्कळ कंपन्यांच्या स्वतःच्या धोरणात सासू-सासरे धरलेले असतात. नसतील तर लेखी अर्ज करा. त्यात रडगाणं नको, तपशील हवा: कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, कोणती कामं घरून होतील, कोणती कुणाकडे सोपवता येतील. पूर्ण रजा देणं जमत नसेल तर काही आठवडे अर्धवेळ, असा दुसरा पर्यायही त्यातच द्या. यजमानांनीही तसाच अर्ज करावा. छोट्या कंपनीत मालकाशी तोंडावर बोलता येतं, हा फायदा आहे. त्यांच्या कंपनीत अशी वेळ आलेले ते पहिले नसतील, आणि शेवटचे तर नक्कीच नाहीत.

लेकीकडे राहण्याबद्दल दोनच शब्द. ज्या मुलीच्या पगारातून वर्षानुवर्षं वर्गणी गेली, तिला आईचं करायची संधी मिळते आहे. ती "मुलगा असताना" या कारणाने नाकारणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि बारा आठवडे संपले की सासूबाई परत येतील तेव्हा तुमच्या यजमानांची पाळी सुरू होईलच. तोवर त्यांनी थोडी पुंजी आणि थोडी रजा साठवावी. शक्य असेल तर मधे चार दिवस जाऊन बहिणीला उसंत द्यावी, आईला अंघोळ कशी घालायची, व्यायाम कसे करून घ्यायचे ते तिच्याकडून शिकून यावं.

तुमच्याकडे मतदानाचा हक्क असेल तर आणखी एक काम. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीत भरतं. म्हणजे पुढची बैठक जानेवारी २०२७ मध्ये. त्याआधी तुमच्या भागाच्या दोन्ही प्रतिनिधींना तुम्ही मला पाठवलंत तेच पत्र पाठवा. तीन माणसांची तीन उत्तरं त्यात आहेत, वेगळं काही लिहायची गरज नाही. त्यात मदतनीस बाईंची ओळ असू द्या, नाव मात्र घालू नका.

सासूबाई निघण्याआधी नणंदबाईंना काही गोष्टी कळवा. पहिली म्हणजे, त्यांची नोकरी न्यू जर्सीतच आहे ना? हडसन नदी ओलांडून न्यू यॉर्कमध्ये कामाला जात असतील तर नियम तिथले लागतील. तिथेही बारा आठवडे मिळतात, पण रक्कम पगाराच्या ६७ टक्के, आणि तिलाही कमाल मर्यादा आहे. दुसरी, विम्याने पैसे मिळतात, पण नोकरी राखून ठेवण्याचा कायदा वेगळा आहे. त्यांच्या कंपनीला एफएमएलए लागू असेल तर त्यांच्यासाठी ही सख्खी आई आहे, तेव्हा ती रजा त्याच वेळी लेखी मागून घ्यावी. राज्याचाही असा एक कायदा आहे, त्यात त्या बसतात का तेही एचआरला विचारावं. सलग बारा आठवड्यांऐवजी सुटे ५६ दिवसही घेता येतात. फिजिओथेरपीच्या दिवसांना ते सोयीचं पडतं, आणि उरलेले दिवस पुढे लागतील तसे वापरता येतात. मिळालेल्या रकमेवर केंद्राचा आयकर लागतो, न्यू जर्सीचा लागत नाही, तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. सासूबाईंच्या इथल्या डॉक्टरांकडून आजाराचे सगळे कागद निघतानाच घेऊन द्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना दाखला भरताना अडचण येणार नाही. आणि अर्ज रजा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. धावपळीत नेमकी तीच तारीख निसटते, म्हणून ती तुम्ही तुमच्याकडेही लिहून ठेवा.